बॅटरीच्या अँपिअरला काटा कुठंय?



आजची नोंद जरा कडक आहे. कोणाला झोंबली तर झोंबू द्या.

आपण शेतकरी सगळं मोजून घेतो, मोजून देतो. कापूस काट्यावर चढवताना काट्याला वैधमापनवाल्यांचा शिक्का आहे का ते बघतो. दूध लिटरनं अन फॅटनं जातं. डिझेल भरताना आकडा शून्यावर आल्याशिवाय नळी टाकीत घालू देत नाही. युरियाची गोणी ४५ किलोची, तिचीही शंका आली तर वजन करून बघतो. घरातली वीज युनिटवर. अन बॅटरी? बॅटरी मात्र आपण स्टिकर वाचून घेतो. "१२ व्होल्ट १२ अँपिअर" छापलेलं दिसलं की मान डोलावतो, पैसे मोजतो अन पंप पाठीवर घालून वावरात जातो. त्या डब्यात खरंच किती वीज मावते हे ना दुकानदाराला माहीत, ना कृषी सहायकाला, ना आपल्याला.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या आकड्यावर पैसे घेतले, तो आकडा मोजून दाखवता आला पाहिजे. अन बॅटरीचा आकडा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. हजार रुपयांच्या आत बसणारा मीटर पुरतो. मी तो बनवून दोन हंगाम वापरतोय. मी इंजिनिअर नाही, दहावी पास आहे. आयटीआय झालेला एक पुतण्या हाताशी होता, बाकी वाचून, विचारून अन जोडून पाहून जमलं. म्हणून "हे शेतकऱ्याचं काम नव्हे" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

धार वेगळी, टाकी वेगळी

दुकानात सगळे म्हणतात "बारा अँपिअरची बॅटरी". हा शब्दच अर्धा आहे. अँपिअर म्हणजे धार. अँपिअर-तास म्हणजे टाकी. विहिरीवरची मोटर तासाला किती पाणी फेकते ही एक गोष्ट, अन विहिरीत पाणी किती आहे ही दुसरी गोष्ट. २ अँपिअरची धार ३ तास चालली तर ६ अँपिअर-तास वीज निघाली. गुणाकार आहे, दुसरं काही नाही. स्टिकरवर नुसतं "१२ ए" छापलेलं असेल तर त्यातून टाकी केवढी हे कळतच नाही. उद्या तक्रार केली तर छापणारा म्हणायला मोकळा की आम्ही तास कुठं लिहिले होते?

त्यात आणखी एक मेख आहे. चांगली कंपनी ८ अँपिअर-तास लिहिते तेव्हा तो आकडा साधारणपणे बॅटरी २० तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळणारा असतो. म्हणजे ०.४ अँपिअरची धार, २० तास. आपला फवारणी पंप ०.४ वर चालत नाही, तो दोन-तीन अँपिअर ओढतो. अन शिसे-आम्लाच्या बॅटरीचा स्वभाव असा की जितकं जोरात ओढाल तितकं ती एकूण कमी देते. ८ ची अस्सल नवीन बॅटरी दोन अँपिअरच्या आसपास ओढली तर सहा-साडेसहा देते. ही लबाडी नाही, तिचा धर्मच तो आहे. पण हे घेणाऱ्याला सांगणार कोण?

व्होल्ट बघून पास करणारे

बॅटरी लवकर उतरते म्हणून दुकानात घेऊन जा. दुकानदार मल्टीमीटरच्या दोन काड्या लावतो, १२.७ आकडा दाखवतो अन म्हणतो, "बघा भाऊ, एकदम ओके आहे. तुमची चार्जिंग चुकते." आपण गप घरी येतो.

राजेहो, व्होल्टवरून बॅटरी भरली की उतरली एवढंच कळतं. पूर्ण भरून थोडा आराम दिलेली शिसे-आम्लाची बॅटरी १२.७-१२.८ दाखवते, रिकामी झाली की १२ च्या खाली जाते. पण टाकी केवढी आहे हे त्यातून कळत नाही. तांब्या काठोकाठ भरला तरी भरलेलाच अन रांजण काठोकाठ भरला तरी भरलेलाच. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत दोन-तीन महिने कोपऱ्यात पडली की प्लेटांवर कडक सल्फेट जमतं. विहिरीत गाळ भरावा तसं. वरून पाणी काठाला दिसतं, मोटर लावली की अर्ध्या तासात तळ लागतो. अशी बॅटरीसुद्धा चार्ज करून काड्या लावल्या की १२.७ च दाखवते.

म्हणून "व्होल्ट बरोबर आहे म्हणजे बॅटरी बरोबर आहे" हे वाक्य जो बोलतो त्याला एकतर समजत नाही, नाहीतर समजून बोलायचं नाही. दोन्हीत नुकसान आपलंच.

मग अँपिअर त्याच मल्टीमीटरवर का मोजू नये? कारण स्वस्त मल्टीमीटरच्या १० अँपिअरच्या भोकाजवळच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की १० सेकंदच वापरा. आत फ्यूजही नसतो. त्यावर तीन तासांची परीक्षा घेता येत नाही, अन घेतली तरी दर मिनिटाला आकडा लिहून बेरीज कोण करत बसणार? वायरमनकडचा चिमटा मीटर बहुतेक फक्त एसी मोजतो. बॅटरीची डीसी धार मोजणारा चिमटा वेगळा येतो अन महाग येतो.

अन ही काही कालची विद्या नाही. १८८० च्या दशकात एडिसननं न्यूयॉर्कमध्ये घराघरात डीसी वीज दिली, तेव्हा बिलासाठी जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवून ठेवायचे अन त्या पट्ट्यांच्या वजनात पडलेल्या फरकावरून किती अँपिअर-तास वीज गेली ते ठरवायचे. म्हणजे पट्टी तराजूवर ठेवून अँपिअर-तास मोजत होते! तेव्हा जमलं, अन आज मोबाईलच्या जमान्यात आपल्याला सांगतात की बॅटरीची क्षमता दुकानात मोजता येत नाही.

मीटर कसा आहे

आता कामाचं. ज्यांना बनवायचा आहे त्यांनी हे नीट वाचा. बाकीच्यांनी पुढं गेलं तरी चालेल.

तत्त्व एका ओळीत: बॅटरीच्या प्लस तारेत एक अगदी कमी रोध बसवायचा, त्यातून वीज जाताना त्याच्या दोन टोकांत जो बारीक व्होल्ट पडतो तो मोजायचा, त्यावरून धार काढायची अन दर सेकंदाची धार जोडत जायची. बेरजेला ३६०० नं भागलं की अँपिअर-तास. रोध ०.०१ ओहमचा असेल तर ३ अँपिअरला ३० मिलिव्होल्ट पडतात.

सामान असं:

१. अर्डुइनो नॅनो, साधा, बाजारात मिळणारा.
२. आयएनए२१९ चं तयार कार्ड. धार अन व्होल्ट दोन्ही मोजतं, प्लसच्या तारेत बसतं.
३. दोन ओळींचा डिस्प्ले.
४. एक रिले, बॅटरी १०.५ व्होल्टला आली की भार तोडायला.
५. मोटारसायकल-गाडीचा १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब, होल्डरसहित. हाच आपला भार. पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे पंपाच्या जवळपास.
६. ५ अँपिअरचा फ्यूज, चिमटे, जाड वायर, डबा.

मला हे सगळं नऊशे रुपयांच्या घरात पडलं. रिले अन बल्ब जुना असेल तर आणखी कमी.

आता तीन-चार खाचा, ज्या फुकटच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही.

पहिली खाच. बरेच जण स्वस्त म्हणून एसीएस७१२ हा चुंबकी सेन्सर घेतात. त्याचा २० अँपिअरवाला प्रकार एका अँपिअरला १०० मिलिव्होल्ट देतो अन नॅनोची एक पायरी पाच मिलिव्होल्टची. म्हणजे ५० मिलिअँपिअरच्या खालचं त्याला दिसतच नाही. शिवाय त्याचा शून्य जागेवर राहत नाही. मोठ्या धारेला ठीक, आपल्या हिशोबाला नको.

दुसरी खाच. आयएनए२१९ च्या कार्डावर ०.१ ओहमचा रोध लावून येतो, त्यावर "आर१००" छापलेलं असतं. त्यावर ३.२ अँपिअरपर्यंतच मोजता येतं. डबल मोटरचा पंप सुरू होताना त्याच्या वर जातो अन आकडा तिथंच अडकतो. म्हणून तो काढून "आर०१०", म्हणजे ०.०१ ओहमचा, एक टक्का अचूकतेचा रोध डाग देऊन बसवला. आता पायरी एक मिलिअँपिअरची झाली, आपल्याला पुष्कळ. प्रोग्राममध्ये तेवढा दहापटीचा फरक धरायला विसरू नका.

तिसरी खाच सगळ्यात महत्त्वाची. व्होल्ट मोजायची तार थेट बॅटरीच्या टोकाला वेगळी न्या. भार ज्या वायरनं जातो त्याच वायरवर व्होल्ट मोजला तर वायरमध्ये अन चिमट्यात जो व्होल्ट पडतो तो बॅटरीच्या नावावर जातो. मग मीटर १०.५ लवकर दाखवतो, भार लवकर तुटतो अन चांगली बॅटरी नापास होते. दुकानदाराशी भांडायचं तर आपला काटा आधी खरा पाहिजे. नाहीतर आपल्यात अन त्या लबाड व्यापाऱ्याच्या काट्यात फरक काय?

चौथी खाच. मीटरला वीज मोबाईलच्या चार्जरवरून वेगळी द्या, तपासायच्या बॅटरीतून नको. नाहीतर मीटर स्वतः खातो ती वीजही हिशोबात घुसते. पॉवर बँक लावली तर काही पॉवर बँक एवढा बारीक भार बघून आपोआप बंद पडतात. लाईट गेली तर बेरीज पुसली जाऊ नये म्हणून दर पाच मिनिटांनी नॅनोच्या कायम स्मृतीत आकडा साठवायची सोय केली आहे.

मीटर खरा की खोटा हे कसं ठरवायचं? १० ओहमचा, २० वॉटचा पांढरा सिमेंटचा रोध घ्या. त्याच्या टोकांवर १२ व्होल्ट असतील तर धार १.२ अँपिअर आलीच पाहिजे. त्याच्याशी आकडा जुळवा. शिवाय जवळच्या आयटीआय किंवा पॉलिटेक्निकमधल्या चांगल्या मीटरशी एकदा मिळवून घ्या. शंभरात दोन इकडंतिकडं झालं तरी आपल्या कामाला हरकत नाही. इथं भांडण दोन टक्क्यांचं नाहीच, अर्ध्याचं आहे.

परीक्षा अन निकाल

पद्धत सोपी आहे. रात्रभर चार्ज करा, चार्जरचा दिवा हिरवा होऊ द्या. काढून दोन तास आराम. मग मीटर लावा, बल्ब पेटवा अन आपल्या कामाला लागा. १०.५ व्होल्टला रिले खटका तोडतो. परत येऊन आकडा वाचा. बस.

आमच्या गटात एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या दोन बॅटऱ्या होत्या. स्टिकर सारखं, रंग सारखा, किंमत सारखी, दोन्हीवर ८. चार्ज झाल्यावर दोन्हींचा व्होल्ट १२.७. मीटरवर एक निघाली ६.३ अन दुसरी ३.४. दुसरीचा मालक दोन वेळा दुकानातून "चार्जिंग चुकते" ऐकून आला होता. तिसऱ्या वेळी आम्ही मीटर, बल्ब अन दोन्ही बॅटऱ्या काउंटरवर नेऊन ठेवल्या. बाकी काही बोलावं लागलं नाही, बल्ब बोलला. बॅटरी बदलून मिळाली. पण प्रश्न असा की ज्याच्याकडं मीटर नाही त्यानं काय करायचं?

ज्यांना मीटर बनवणं जमत नाही त्यांना एक गावठी पारख सांगतो: बॅटरी किराण्याच्या काट्यावर ठेवा. शिसं जड असतं अन शिसं हीच टाकी आहे. १२ व्होल्ट ७-८ अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी दोन-अडीच किलो भरते. १२ ची असेल तर साडेतीन किलोच्या आसपास गेली पाहिजे. स्टिकरवर १२ अन काट्यावर सव्वादोन किलो, तर स्टिकर खोटं. ही पारख फक्त शिशाच्या बॅटरीला, लिथियमला लागू नाही. अन वजन बरोबर असूनही बॅटरी जुनी-सल्फेट झालेली असू शकते, ते मीटरशिवाय कळत नाही.

यात पिकाचं काय?

कृषीवाल्या मित्रांनो, हा भाग तुमच्यासाठी. बॅटरी हा इलेक्ट्रिकवाल्याचा विषय म्हणून सोडून देऊ नका.

हिशोब बघा. पंप २ अँपिअर ओढतो अन १६ लिटरची टाकी दहा मिनिटांत संपते. म्हणजे एका पंपाला अँपिअर-तासाचा तिसरा हिस्सा. सहा अँपिअर-तासाच्या बॅटरीवर अठरा पंप होतात. सव्वातीनच्या बॅटरीवर दहाही धड होत नाहीत. पराटी छातीला लागली की आमच्याकडं एकरी दहा पंप लागतात. म्हणजे वाईट बॅटरीवाल्याचा एक एकरही पुरता होत नाही.

अन ती बॅटरी एकदम बंद पडत नाही, तिथंच घात आहे. शेवटच्या दोन-तीन पंपांना व्होल्ट खाली येत जातो, मोटर मंदावते, दाब उतरतो, थेंब मोठे होतात अन नोझलमधून पाणी कमी येतं. फवारणारा मात्र त्याच चालीनं चालतो. म्हणजे शेवटच्या तासांवर एकरी औषध कमी पडतं अन पडतं तेही पानाच्या वरच्या अंगाला. थ्रिप्स अन पांढरी माशी तर पानाच्या खाली. आठ दिवसांनी तुम्ही येता, धुऱ्याकडच्या तासांवर कीड जिवंत बघता अन लिहून देता की औषध बदला, किंवा डोस वाढवा. शेतकरी पुन्हा हजार-दीड हजाराचा डबा आणतो. रोग बॅटरीत अन इलाज औषधात! शिफारशीत मिली प्रति लिटर लिहिता, एकरी पाणी लिहिता, तर पंपाच्या शेवटच्या टाकीला दाब किती होता हेही एकदा विचारा.

झटका मशीनची कथा

रानडुक्कर अन रोही ज्यांच्या वावरात येतात त्यांना हे जास्त कळेल. झटका मशीन बॅटरीतून किती ओढतं हे साध्या मल्टीमीटरवर कळत नाही. मशीन सेकंद-सव्वा सेकंदाला एक ठोका देतं, त्या आधी झटक्यात वीज भरून घेतं, म्हणून मल्टीमीटरचा आकडा नाचत राहतो. आपला मीटरही सेकंदाला एकदाच डोळा उघडत असेल तर फसतो, कारण ठोकाही जवळपास सेकंदालाच. दर वेळी तीच वेळ पकडली जाईल अन आकडा एकतर फार मोठा नाहीतर फार छोटा येईल. म्हणून आयएनए२१९ ला १२८ मोजमापांची सरासरी काढायला लावायचं. त्याला ६८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला चौदा सरासऱ्या. त्या सलग जोडत गेलं की खरा आकडा येतो.

मी मोजलेलं मशीन सरासरी ०.२ अँपिअर ओढतं. तुमचं वेगळं असेल. बारा तासांची रात्र म्हणजे २.४ अँपिअर-तास. टाकी खरोखर ७ ची असेल तर पावसाळ्यात ऊन नसताना जवळपास तीन रात्री निघतात. तीच टाकी तीनची निघाली तर दुसऱ्या रात्री दहा-अकराच्या आतच कुंपण मेलेलं असतं. डुकराला स्टिकर वाचता येत नाही राजेहो, त्याला तार थंड लागली की ते आत. सकाळी हरभऱ्याची नासाडी बघून आपण मशीनवाल्याला शिव्या देतो, अन कोणी कोणी वैतागून सरळ लाईनची वीज तारेत सोडायच्या गोष्टी करतो. तो गुन्हा आहे अन त्यात माणसं मेली आहेत. असलं डोक्यात आणू नका. आधी बॅटरी मोजा. अन मीटर फक्त बॅटरीच्या बाजूला लावायचा, कुंपणाच्या बाजूला चुकूनही नाही.

जे आडवे येतात त्यांना उत्तर

"शेतकरी बॅटरी नीट सांभाळत नाहीत." खरं आहे, काही नाही सांभाळत. हंगाम संपला की पंप उतरलेल्या बॅटरीसकट माळ्यावर टाकतात. शिशाची बॅटरी भरून ठेवावी लागते अन दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी लागते. पण मग मोजणीला भिता कशाला? विकताना मोजून लिहून द्या, "नवीन असताना ६.२". सहा महिन्यांनी ३ निघाली अन चूक शेतकऱ्याची असेल तर तेही दिसेल. मीटर कोणाचा सोयरा नाही. तो दुकानदाराला धरेल तसा आपल्यालाही धरेल.

"एका बॅटरीला तीन-चार तास कोण थांबणार?" थांबायला कोणी सांगितलंय? मीटर लावून गिऱ्हाईक करा. अन प्रत्येक नग नको, खेपेतले दोन नग तपासा. पोत्यातला गहू बघायला व्यापारी सगळं पोतं ओततो का? पारखी खुपसतोच ना.

"आम्हालाही वरून तशीच येते." असेल. मग तुमचीही फसवणूक होते आहे. मीटर तुमच्याही कामाचा आहे. खराब खेप कंपनीला परत पाठवायला आकडा हातात असला तर तुमचं ऐकतील.

"असे तयार मीटर बाजारात मिळतात." मिळतात, ऑनलाईन वॉट-मीटर म्हणून येतात. खुशाल घ्या. माझा हट्ट माझ्याच मीटरचा नाही, मोजण्याचा आहे. फरक एवढाच की मी बनवलेला बिघडला तर मीच उघडून दुरुस्त करतो, अन १०.५ ला आपोआप तोडायची सोय त्यात माझ्या मनासारखी आहे.

"एवढ्या छोट्या वस्तूला कशाला एवढा आटापिटा?" हे मोठ्या पगाराचे लोक विचारतात. ट्रॅक्टर विकायला यायच्या आधी त्याची बुदनीच्या केंद्रात चाचणी होते. चांगलंच आहे. पण गावात ट्रॅक्टर किती अन पाठीवरचे बॅटरी पंप किती, मोजून बघा. ज्याच्याकडं दोन एकर आहे त्याचं यंत्र म्हणजे हा पंपच. मोठ्याच्या यंत्राला चाचणी अन लहानाच्या यंत्राला स्टिकर, हा न्याय कुठला?

माझ्या मागण्या

एक. बॅटरीवर अँपिअर नव्हे, अँपिअर-तास छापा. किती तासांच्या दरानं ते छापा. बनवल्याचा महिना-वर्ष उठून दिसेल असं छापा, कारण शिशाची बॅटरी दुकानात नुसती पडून राहिली तरी दर महिन्याला थोडी उतरते, अन उन्हाळ्यात जास्त.

दोन. महाडीबीटीवर अर्ज करून अनुदानात जो बॅटरी पंप मिळतो, त्याच्या प्रत्येक खेपेतले काही नग वाटपाआधी तालुक्यालाच मोजा अन आकडा फलकावर लावा. पैसा सरकारचा म्हणजे आपलाच आहे.

तीन. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्रात असा एक मीटर टेबलावर पाहिजे. माती तपासून देता, पाणी तपासून देता, बॅटरीही तपासून द्या. अकोल्याच्या विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकवतात. तिथल्या पोरांना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात हजाराच्या आतला, धुळीत अन पाण्यात टिकणारा मीटर बनवायला द्या. माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगला बनवतील.

चार. शेतकरी उत्पादक कंपन्या अन गटांनो, तुम्ही बॅटऱ्या एकगठ्ठा घेता. ऑर्डरमध्येच लिहा: "२ अँपिअरला १०.५ व्होल्टपर्यंत इतके अँपिअर-तास, नाहीतर माल परत." हे एक वाक्य शंभर तक्रारींच्या बरोबरीचं आहे.

पाच. वैधमापन खात्याच्या साहेबांनो, २००९ चा कायदा वजन, माप अन आकड्यानं विकल्या जाणाऱ्या मालासाठी आहे. किलोला काटा तपासता, लिटरला माप तपासता. अँपिअर-तास हेही मापच आहे.

अन आपल्या भावांना सांगणं: नवी बॅटरी घेताना बिलावर अँपिअर-तास लिहून घ्या, तारीख लिहून घ्या. पहिल्या आठवड्यात मोजा, आकडा बॅटरीवरच मार्करनं लिहा. पुढच्या हंगामाआधी पुन्हा मोजा. निम्म्यावर आली तर फवारणीच्या मोक्याला दगा देण्याआधी बदला. जुनी बॅटरी भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, त्यात शिसं अन आम्ल आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, म्हणून दुकानातच परत द्या अन तिची किंमत वळती करून घ्या.

जोडताना काळजी: फ्यूजशिवाय काही जोडू नका. एवढीशी बॅटरी दिसते, पण प्लस-मायनस भिडले तर वायर लाल होते. बल्ब तासन् तास पेटतो, खूप तापतो, कुटारापासून अन प्लास्टिकपासून लांब ठेवा.

जोडणीचं चित्र अन प्रोग्राम पुढच्या नोंदीत टाकतो, फुकट आहे, कोणीही घ्या. ज्यांनी बॅटरी मोजली त्यांनी खाली एवढंच लिहा: स्टिकरवर किती, मीटरवर किती, वजन किती. दुकानाचं नाव लिहू नका, भांडण माणसाशी नाही. शे-दोनशे आकडे जमले की ते घेऊन तालुक्याला जाऊ. आकडा हातात असला की साहेबही खुर्ची देतात.